एकोणतीस मागण्यांतून तीन टिपणं: अधिवेशनापुढे जाताना एका नगरपरिषदेनं काय केलं

पार्श्वभूमी

गाव तालुक्याचं, कापूस-सोयाबीनच्या बाजाराचं. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. कायदे, सार्वजनिक तारखा आणि सरकारी कामाची रीत मात्र आहे तशीच ठेवली आहे. लोकसंख्या ४० हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत, म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे 'ब' वर्ग.

२०१६ अखेरच्या निवडणुकांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. त्यामुळे अनेक गावांत जे झालं तेच इथं झालं. नगराध्यक्षा राज्यात सत्तेत असलेल्या पक्षाच्या आणि सभागृहात बहुमत विरोधकांचं. आमदारही विरोधी पक्षाचे. नगरविकास खातं तेव्हा मुख्यमंत्र्यांकडेच होतं. म्हणजे विधानसभेत प्रश्न विचारू शकणारा माणूस एका गटाचा आणि मंत्रालयातलं दार दुसऱ्या गटाला उघडं. मुख्याधिकारी तरुण, स्पर्धा परीक्षेतून आलेले, तिथल्या नेमणुकीला अजून वर्षही झालेलं नव्हतं.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. ते बहुतेक पगारातच संपतं. निवृत्तांचं वेतन, पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल, दिवाबत्ती, कचरा हे सारं घरपट्टी-पाणीपट्टीतून भागवायचं. वस्तू व सेवा कर आला तेव्हा महानगरपालिकांच्या नुकसानभरपाईसाठी राज्यानं २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. नगरपरिषदेच्या पाठीशी तसा कायदा नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आहेत, पण त्यांतलं बरंचसं पेलायचं ते या घरपट्टीवर.

२०१८ चं पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपूरला होणार, हे ठरलं होतं. ४ जुलैपासून कामकाज सुरू व्हायचं होतं. मे महिन्यात नगराध्यक्षांच्या दालनात बैठक बसली, विषय एकच: आमदारांना काय द्यायचं?

अडचण नेमकी कुठे होती

दरवर्षीची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक नगरसेवकाकडून मागण्या घ्यायच्या, सभा लिपिकानं त्या एकाखाली एक टंकित करायच्या, विषय लिहायचा 'शहराच्या विविध समस्यांबाबत', आणि पुष्पगुच्छासह निवेदन द्यायचं. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येई. पुढे काय झालं ते कोणी विचारत नसे, कारण पुढे काही होत नसे.

त्या वर्षीच्या यादीत २९ मागण्या होत्या. मुख्याधिकाऱ्यांनी ती यादी आमदारांच्या स्वीय सहायकांना दाखवायला नेली, तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून तशाच दोन याद्या काढल्या. दोन्ही याच नगरपरिषदेच्या, मागच्या दोन वर्षांच्या. "साहेब, यातल्या कशावर प्रश्न लावू ते तुम्हीच सांगा. एकोणतीस प्रश्न काही लागत नाहीत."

हे बोलणं मुख्याधिकाऱ्यांना लागलं आणि तिथून या प्रकरणाला वळण मिळालं. परत येऊन त्यांनी कार्यालय अधीक्षकांना बरोबर घेतलं आणि प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे देण्याचा अधिकार कोणाचा?

उत्तरं पाहून दोघेही गप्प झाले असणार. बाजारातली अतिक्रमणं काढणं, मोकाट जनावरांचा बंदोबस्त, उद्यानाची दुरुस्ती ही तर नगरपरिषदेचीच कामं, ती शासनाकडे मागितली जात होती. रेल्वे फाटकावरचा पूल केंद्राकडचा. पाणीपुरवठ्याच्या विजेचा दर कमी करा, ही मागणी तीन वर्षं आमदारांच्या यादीत होती, आणि तो दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. विधानसभेत कितीही आवाज उठवला तरी सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गवारीचा दर आयोगाच्या आदेशाशिवाय हलत नाही. निम्म्याहून अधिक मागण्या निव्वळ निधीच्या होत्या. आमदारांचा स्थानिक विकास निधी तेव्हा वर्षाला २ कोटी रुपये होता आणि तो अख्ख्या मतदारसंघात वाटायचा. त्यातून शहराला एखादं सभागृह, एखादा रस्ता मिळू शकतो. त्यासाठी अधिवेशन लागत नाही.

कायदा, नियम किंवा शासनाचं धोरण बदलल्याशिवाय सुटणारच नाहीत अशा मागण्या शेवटी मोजक्याच उरल्या. त्यांतल्या तीन खऱ्या अर्थानं शहराच्या गळ्याशी आलेल्या होत्या.

पहिली, घरपट्टीच्या थकबाकीवरची शास्ती. अधिनियमाच्या कलम १५०-अ प्रमाणे थकलेल्या करावर दरमहा २ टक्के. वर्षाला २४ टक्के झाले. एखाद्या वर्षाची घरपट्टी चार वर्षं राहिली की दंड जवळजवळ मूळ कराएवढा होतो. मग थकबाकीदार म्हणतो, एवढे भरण्यापेक्षा राहू दे, आणि मूळ करही बुडतो. महानगरपालिकांचे आयुक्त अभय योजना काढून दंडात सूट देत होते. नगरपरिषदेला मात्र एक रुपयाही सोडायची मुभा नव्हती.

दुसरी, विकास आराखड्यातली आरक्षणं, म्हणजे शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या खासगी जमिनी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. ही मुदत पूर्वी १२ महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीनं ती २४ महिने झाली. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदल्याची रक्कम अशी वाढवली, की 'ब' वर्ग नगरपरिषदेला २४ महिने मिळाले काय आणि ४८ मिळाले काय, सारखंच. इथं दोन सूचना येऊन पडल्या होत्या, एक खेळाच्या मैदानाची, दुसरी प्राथमिक शाळेच्या जागेची.

तिसरी, हद्दवाढ. शहराला लागून असलेल्या तीन ग्रामपंचायतींच्या हद्दीत भराभर प्लॉट पडले होते. तिथले लोक कामाला, शाळेला, दवाखान्याला शहरातच येत. त्यांचा कचरा शहराच्या कडेला पडे, आणि उन्हाळ्यात टँकर मागायला ते नगरपरिषदेतच येत. कर मात्र ग्रामपंचायतीत.

पर्याय कोणते होते

नेहमीचं निवेदन द्यायचं, हा एक पर्याय. त्याच्या बाजूनं एक मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता: यादीत आपली मागणी दिसली की नगरसेवक खूश असतो, वॉर्डात सांगायला काहीतरी मिळतं. यादी तीनवर आणली की बाकीचे सव्वीस मुद्दे ज्यांचे, ते नाराज.

दुसरा पर्याय सगळं बाजूला ठेवून फक्त निधी मागण्याचा. नगराध्यक्षांचा कल तिकडे होता. पक्ष सत्तेत आहे, मंत्रालयात ओळख आहे, एक-दोन मोठ्या रस्त्यांना विशेष निधी मिळाला तर पुढच्या निवडणुकीत दाखवायला काम होईल. राजकीयदृष्ट्या हे चुकीचं म्हणता येत नाही.

तिसरा, इतर नगरपरिषदांबरोबर एकत्र जाण्याचा. शास्तीचा प्रश्न राज्यातल्या सगळ्याच नगरपरिषदांचा होता. दहा-बारा नगराध्यक्षांच्या सह्यांचं पत्र गेलं असतं तर त्याला वजन आलं असतं. पण अधिवेशन महिनाभरावर आलं होतं, आणि शेजारच्या नगराध्यक्षांशी बोलणं सुरू होईपर्यंत तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) देण्याची मुदत संपली असती. हा पर्याय न पटल्यामुळे नव्हे, उशिरा सुचल्यामुळे मागे पडला.

चौथा म्हणजे तीनच विषय घ्यायचे, प्रत्येकाचं एका पानाचं टिपण करायचं आणि प्रत्येक टिपण ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्याच्याकडेच न्यायचं. मुख्याधिकारी यासाठी आग्रही होते. ते शासनाचे अधिकारी, सभागृहाचे सदस्य नाहीत, त्यामुळे त्यांना हे आडून सुचवावं लागलं. कार्यालय अधीक्षकांनी ते विरोधी गटनेत्यांच्या गळी उतरवलं. तीस वर्षं नोकरी केलेला अधीक्षक तरुण मुख्याधिकाऱ्यापेक्षा अशी कामं चांगली करतो.

काय केलं

विशेष सभेत दोन तास वाद झाला. पहिला वाद यादीवर नव्हताच, प्लास्टिकवर होता. राज्याची प्लास्टिकबंदी मार्चमध्ये जाहीर झाली होती आणि २३ जूनपासून दंडाची कारवाई सुरू होणार होती: पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये आणि कैदेची तरतूद. किराणा आणि मिठाईचे व्यापारी नगरसेवकांच्या मागे लागले होते. छोट्या दुकानदारांना सूट द्या ही चौथी मागणी घ्यावी, असा जोर झाला. गटनेत्यांनी ती घेऊ दिली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: हा विषय राज्यभर पेटलाच आहे, त्यात आपल्या गावाचा आवाज वेगळा ऐकू येणार नाही. मला वाटतं, त्या सभेतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि त्याची नोंद इतिवृत्तात एका ओळीचीसुद्धा नाही.

दुसरा वाद शास्तीवर. एका ज्येष्ठ नगरसेविकेनं विचारलं, "दर मार्चमध्ये रांगेत उभं राहून कर भरणारा मग वेडा का?" या प्रश्नाला सोपं उत्तर नव्हतं. म्हणून टिपणाचा मसुदा बदलला. मूळ करात सूट नाही, फक्त शास्तीत. ती कायमची नाही, एका ठरावीक मुदतीपुरती. आणि सूट देण्याचा अधिकार सभागृहाला नको, तो कायद्यानं ठरवलेल्या अधिकाऱ्याला असावा. शेवटची अट नगरसेवकांनीच घातली. अधिकार आपल्याकडे आला की वॉर्डातला प्रत्येक थकबाकीदार दारात येऊन बसेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सही कोणाची, हा तिसरा वाद. श्रेयाच्या भांडणात अशी कामं नेहमी अडतात. तोडगा असा निघाला की ठराव एकमतानं करायचा, पत्रावर नगराध्यक्षा आणि विरोधी गटनेते दोघांच्या सह्या, आणि फोटो काढायचा तर दोघांनी मिळून. आमदारांकडे गटनेत्यांनी जायचं, मंत्रालयात नगराध्यक्षांनी. टिपण दोन्हीकडे एकच. निधीची बाकीची कामं नगराध्यक्षांनी स्वतंत्र पत्रानं मागावीत, त्याला कोणी आडकाठी करणार नाही, हेही तोंडी ठरलं. निवृत्तिवेतनाचा विषय तीनमध्ये बसला नाही. त्याच वर्षी राज्याचा पाचवा वित्त आयोग नेमला गेला होता, त्याच्याकडे स्वतंत्र निवेदन पाठवायचं ठरलं.

मग टिपणं कोणाकडे न्यायची हा प्रश्न आला. शास्ती आणि आरक्षणाची टिपणं आमदारांकडे गेली. हद्दवाढीचं टिपण त्यांच्याकडे न्यायचं की नाही, यावर बरीच चर्चा झाली, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथं आहे.

हद्दवाढीला कायदा बदलावा लागत नाही. शासनाची प्राथमिक अधिसूचना, हरकती-सूचना, जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल आणि अंतिम अधिसूचना, अशी वाट आहे. आमदारांनी जोर लावला तर फाईल हलते. पण ज्या तीन ग्रामपंचायती शहरात यायच्या त्या याच आमदारांच्या मतदारसंघात. शहरात आलं की घरपट्टी वाढणार, सरपंचपद जाणार, पंचायत समितीचं राजकारण बदलणार. सरपंच विरोधातच असणार. म्हणजे आमदारांना आपण असं काम सांगणार, ज्यात शहरातली थोडी मतं पक्की होतात आणि तीन गावांतली नक्की जातात. त्यांनी ते हसतमुखानं घेतलं असतं आणि खणात ठेवलं असतं. त्यात त्यांचा तरी काय दोष?

दुसरी वाट विधान परिषदेतून होती. राज्याच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यांपैकी २२ स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून निवडल्या जातात. मतदार कोण? नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना तिथं मत नाही. निवडणुकीच्या दिवसांत नगरसेवकांना सहलीला नेऊन जपणारा हा मतदारसंघ, एरवी त्याची कोणाला आठवण होत नाही. पण हद्दवाढीसारख्या विषयासाठी हाच सदस्य बरा, कारण तो तीन सरपंचांच्या मताचा मिंधा नसतो. हद्दवाढीचं टिपण त्यांच्याकडे गेलं. आमदारांना ते आधी सांगायचं की नाही? गटनेत्यांनी सांगितलं, आणि आमदारांना हायसं वाटलं.

प्रश्न फिरून दारात

शास्तीवरचा तारांकित प्रश्न आमदारांनी मुदतीत दिला. तो प्रश्न नगरपरिषदेतच लिहिला गेला होता, नेहमीच्या साच्यात. दरमहा २ टक्के शास्ती आकारली जाते हे खरे आहे काय, ती माफ करण्याचा अधिकार नगरपरिषदांना नाही हे खरे आहे काय, नगरपरिषदेचा ठराव शासनास प्राप्त झाला आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय.

काही दिवसांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेतून 'अतितात्काळ' शिक्क्याचं पत्र आलं. सोबत हाच प्रश्न, आणि आज संध्याकाळपर्यंत वस्तुस्थिती कळवा असा आदेश. विधिमंडळातल्या प्रश्नाचं उत्तर मंत्रालय देतं. पण माहिती संचालनालयाकडून, तिथून जिल्ह्याकडून आणि शेवटी ज्या कार्यालयाचा विषय त्याच्याकडूनच मागवली जाते. प्रश्न लिहिणाऱ्या लिपिकाच्याच टेबलावर तो उत्तरासाठी येऊन पडला.

मुख्याधिकाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. तुटक लिहायचं: 'कलमाप्रमाणे आकारणी करण्यात येते.' अशी उत्तरं कोणालाच अडचणीत आणत नाहीत. किंवा सविस्तर लिहून नगरपरिषदेची बाजू मांडायची, म्हणजे वरिष्ठांना वाटणार की हा माणूसच प्रश्नामागे आहे. त्यांनी मधली वाट धरली. मत एकही नाही, फक्त तक्ता. गेल्या पाच वर्षांची थकबाकी, तिच्यात मूळ कर किती आणि शास्ती किती, दर वर्षी वसूल काय झालं. तक्ता असा होता की तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलेल्या माणसाला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. शास्तीचा आकडा दरसाल फुगत गेला होता आणि जुन्या थकबाकीची वसुली जवळपास जागच्या जागी.

अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात शिष्टमंडळ नागपूरला गेलं. ६ जुलैला नागपुरात एवढा पाऊस झाला की विधान भवनाच्या वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं, वीज गेली आणि त्या दिवसाचं कामकाज तहकूब झालं. मंत्र्यांच्या भेटीची वेळ त्यात वाहून गेली. नगराध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी नगरविकास खात्यातल्या एका उपसचिवांना गाठलं. त्यांनी टिपण वाचलं, एका पानात असल्यामुळे तिथंच वाचलं, आणि कलमाच्या शब्दांत दुरुस्ती कशी असावी असं विचारलं. तो मसुदा टिपणात नव्हता. अधीक्षकांनी तो रात्री लॉजवर बसून लिहिला आणि सकाळी नेऊन दिला.

हाती काय लागलं

तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेलाच नाही, यादीत खाली होता. लेखी उत्तर आलं. पहिल्या दोन भागांना 'हे खरे आहे', पुढे 'बाब शासनाच्या विचाराधीन आहे', आणि शेवटी 'विलंब झालेला नाही'. गावात हसले लोक. मुख्याधिकारी हसले नाहीत. शास्ती माफीचा अधिकार नगरपरिषदेला नाही, हे राज्य शासनानं विधानसभेच्या पटलावर मान्य केलं होतं, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात ते उत्तर जोडता येणार होतं.

कायदा मात्र त्या कार्यकाळात बदलला नाही. नगरपरिषदांच्या मालमत्ता कराच्या दंडासाठी अभय योजना आणण्याचा आणि त्यासाठी १९६५ चा अधिनियम सुधारण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तो एप्रिल २०२५ मध्ये. तो या गावामुळे झाला असं म्हणायला कसलाही आधार नाही. अनेक गावांनी वर्षानुवर्षं हेच मागितलं होतं.

आरक्षणाच्या टिपणाचं काही झालं नाही. शासनाकडून भूसंपादनासाठी निधी आला नाही आणि शाळेच्या जागेचं आरक्षण मुदत संपल्यावर गेलं. मैदान अर्धं वाचलं, पण ते अधिवेशनामुळे नव्हे. मालकाशी सरळ बोलणी झाली, नगररचना कार्यालयाच्या सल्ल्यानं जागेच्या एका भागावर त्याला बांधकामाची परवानगी आणि उरलेला भाग मोकळा नगरपरिषदेच्या ताब्यात, असं समावेशक आरक्षणाच्या वाटेनं जमलं. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं.

हद्दवाढीवर विधान परिषद सदस्यांनी लक्षवेधी (मंत्र्यांचं लक्ष तातडीच्या विषयाकडे वेधणारी सूचना) दिली, ती स्वीकारली गेली नाही. मग त्यांनी खात्याला पत्र लिहिलं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला गेला. अहवाल जाईपर्यंत २०१९ उजाडलं, आधी लोकसभेची आणि मग विधानसभेची निवडणूक आली, पुढच्या वर्षी करोना. २०२१ च्या शेवटी राज्यातल्या अशा अनेक नगरपरिषदांची मुदत संपू लागली आणि निवडणुका लांबल्यामुळे प्रशासक आले. ही फाईल तेव्हा बस्त्यात गेली.

वेगळं काय करता आलं असतं

विजेच्या दराची मागणी चुकीच्या दारात जात होती हे मे महिन्यात कळलं, आणि ती यादीतून काढून टाकली एवढ्यावर काम थांबलं. खरं तर त्याच उन्हाळ्यात-पावसाळ्यात महावितरणच्या दरांची मध्यावधी फेरतपासणी वीज नियामक आयोगापुढे चालू होती. आयोग अशा वेळी लेखी हरकती मागवतो, जनसुनावण्या घेतो, तिथं कोणीही बोलू शकतो. आदेश १२ सप्टेंबर २०१८ ला निघाला. नगरपरिषदेनं हरकत नोंदवली नाही. योग्य दार कोणतं हे कळल्यावर तिथं जायची जबाबदारी कोणाच्याच नावावर टाकलेली नव्हती. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे. २९ मागण्यांच्या यादीपुढे 'अधिकार कोणाचा' हा रकाना भरला, 'पाठपुरावा कोणाचा' हा रकाना काढलाच नाही.

कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आधी तयार हवा होता. लॉजवर रात्री लिहिलेला मसुदा चुकीचा नव्हता, पण त्याला ना नगरपरिषदेच्या वकिलांची नजर लागली होती ना सभागृहाची मान्यता. मंत्रालयातला अधिकारी 'शब्द काय हवेत' असं विचारतो तो क्षण वर्षातून एखाद्याच वेळी येतो.

एकत्र जाण्याचा पर्याय वेळेअभावी सोडला, तो पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी तरी उचलायला हवा होता. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, हातात सात-आठ महिने होते. नगराध्यक्षा आणि गटनेते जुलैमध्ये एका पत्रावर सह्या करत होते आणि नोव्हेंबरपर्यंत पुन्हा एकमेकांविरुद्ध पत्रकं काढत होते. एकोपा एका अधिवेशनापुरता होता, त्याला रचना दिली गेली नाही. दोन्ही गटांची छोटी कायम समिती, वर्षातून दोन बैठका, एवढंही पुरलं असतं.

तीन गावांतल्या लोकांशी कोणी बोललं नाही, हा माझा आक्षेप हद्दवाढीबाबत आहे. सगळा विचार आमदाराचं नुकसान कसं टाळायचं याचा झाला. सरपंचांना वगळून वाट काढली, ती हुशारी होती. पण हरकती-सूचनांच्या टप्प्यावर त्याच सरपंचांशी गाठ पडणार होती. पहिली काही वर्षं घरपट्टी टप्प्याटप्प्यानं वाढवू, पाण्याची जोडणी आधी देऊ, असं काही लेखी घेऊन नगरपरिषद त्या गावांत गेली असती तर विरोध कमी झाला असता की नाही, सांगता येत नाही. गेलीच नाही.

आणि फाईल. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, अधीक्षक निवृत्त झाले, प्रशासकांच्या काळात सभागृहच नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला आणि काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झालं. निकाल २१ डिसेंबरला लागले. नव्या सभागृहात २०१८ च्या ठरावाला हात वर केलेले मोजकेच चेहरे आहेत. शास्तीचं टिपण आता लागणार नाही. आरक्षणाच्या टिपणातल्या दोन्ही जागांचा निकाल लागून गेला आहे. हद्दवाढीचं टिपण जसंच्या तसं लागू पडतं, फक्त २०२७ च्या जनगणनेसाठी गावांच्या आणि शहरांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. निकाल आणि ही तारीख यांच्यात दहा दिवस होते. हद्दी पुन्हा मोकळ्या होईपर्यंत निदान त्या तीन गावांत जाऊन बोलायला नव्या सभागृहाला वर्षभराहून अधिक वेळ आहे.